आधी काम, मग खूण

प्रिय धाकल्या,

या पाकिटावर पत्ता लिहायचा नाहीये, म्हणून थेट हाकच मारली. सव्वीस वर्षांनी तुला हाक मारतोय आणि अक्षर असं येतंय की तू म्हणशील, दादाने कोंबडीच्या पायाला शाई लावून तिला कागदावर सोडली की काय! म्हण, खुशाल म्हण. आज सकाळी साडेअकराला माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि ती धड जमीनही नव्हती, एकशे बारा पायऱ्या चढून गेल्यावरची लाकडी फळी होती. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. एका परक्या गावात, टॉवरच्या पायथ्याच्या खोलीत, रखवालदाराच्या टेबलाशी बसलोय आणि त्याच्याच वहीतली पानं फाडून लिहितोय.  तीन तांबे पाणी झालं.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण तू वाचताना पहिल्यांदा तेच शोधशील. आई आहे. त्र्याऐंशीची झाली. तोंडात दात एक नाही, पण जिभेची धार गेली नाही. नाना गेले. तू गेल्यावर दोन वर्षांनी, दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. डोळ्याला भिंग तसंच होतं. मला वाटलं बारीक काम चाललंय, म्हणून अर्धा तास मी हाकसुद्धा मारली नाही. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं. आता तिथे एकजण मोबाइलच्या काचा बदलून देतो, आणि नानांचा तो उंच स्टूल त्याने ठेवून घेतलाय. माझ्या चिमीचं लग्न झालं. हो, चिमी, जी सव्वीस वर्षांपूर्वी नको त्या दिवशी जन्माला आली. त्या दिवसाकडे येतोच मी. आज तिथूनच तर पळता येत नाहीये.

ही बोटीची सहल तिनेच काढून दिली. बावीस दिवस नदीतून प्रवास, रात्री झोपायचं बोटीवर, आणि अधूनमधून एखाद्या गावाला दिवसभर उतरून हिंडायचं. मी नको म्हणालो. तुझी सायकल, चपला आणि घडी घातलेला सदरा काठावर सापडल्यापासून मी नदीकडे पाठ करून जगलोय, हे तिला कुठून माहीत असणार? तुझी वहिनी म्हणाली, “आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं नीट चालवलीत, आता बावीस दिवस स्वतःचं बंद ठेवा.” तिच्यापुढे माझं काय चालतंय! आलो. पण पहिले नऊ दिवस मी बोटीच्या आतल्या खोलीत पत्ते पिसत बसलो. खिडकी बाहेर बघण्यासाठी असते हे जणू मला कुणी सांगितलंच नव्हतं. बोटीवरचे निवृत्त मास्तर मला ‘पत्तेवाले’ म्हणायला लागले. पाण्याचा आवाज मात्र बंद करता येत नाही. रात्रभर तो कानाशी असतो, आणि प्रत्येक रात्री मी त्यात तुला शोधलं.

आज दहावा दिवस. सकाळी आठला बोट या गावाच्या धक्क्याला लागली आणि गाईड पोरीने आम्हा सोळा जणांना शाळेच्या सहलीसारखं रांगेत उभं केलं. पाच वाजता बोट सुटणार, उशीर करणाऱ्यासाठी थांबणार नाही, असा दम आधीच भरला. मग जुना पूल झाला, भांडी घडवणाऱ्यांची गल्ली झाली, एक बाग झाली. मास्तर प्रत्येक पाटीसमोर उभं राहून ती मोठ्याने वाचत होते. तुझ्या वहिनीने एका दुकानात टोपी घातली, आरशात बघितलं, परत ठेवली, पुढच्या दुकानात तशीच टोपी घातली, परत ठेवली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पायाखाली दगड होता, पाणी नव्हतं. शेवटी चौकात घड्याळाचा टॉवर आला. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी वर चला, असं गाईड म्हणाली. तुझी वहिनी खालच्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, “तुम्ही जाच. नाही गेलात तर संध्याकाळपर्यंत तोंड पाडून बसाल.”

तिला एवढंच ठाऊक होतं की मला घड्याळ दिसलं की भान राहत नाही. पण सव्वीस वर्षांत मी कुठल्याच टॉवरवर चढलेलो नाही, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. भिंतीवरची घड्याळं, मनगटावरची, गजराची, एवढंच केलं. मोठ्या घड्याळाचं काम आलं की गुडघे दुखतात म्हणायचो, तेव्हा वय पस्तीस होतं. आज का चढलो? परकं गाव होतं म्हणून असेल. इथे मला कोण ओळखतंय, असं वाटलं.

वर पोचलो आणि पहिल्यांदा कान दिला. नानांनी शिकवलं होतं तसं, आधी ऐकायचं, मग बघायचं. लंबकाचा ठोका दोन्ही बाजूंना सारखा पडत होता, गाण्याच्या मास्तराने मात्रा मोजाव्यात तसा. मग बघितलं. दातेरी चाकांना तेल हवं तिथेच, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. एकाही स्क्रूचं डोकं खरवडलेलं नाही. वजनांचे तारेचे दोर नवे, आणि दोराचं टोक आवळून धरायला दोनच्या जागी तीन क्लॅम्प. तीन, धाकल्या! ते तीन क्लॅम्प मी दोनदा मोजले, आणि मनाला म्हटलं, गप बस, चोराच्या मनात चांदणं. तेवढ्यात गाईडने सांगितलं की हे घड्याळ शंभर वर्षांत एक मिनिटही चुकलेलं नाही. अशी घड्याळं फक्त गाइडांच्याच गावात असतात. मी हसलो, आणि रखवालदाराजवळ जाऊन हळूच विचारलं, याची निगा कोण राखतो? आम्ही याच धंद्यातले. भेटायला आवडेल.

तो भला माणूस खुलला. वर्षातून दोनदा एक कारागीर येतो म्हणाला, बोटीने, वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावाहून. एक रात्र इथेच खालच्या खोलीत राहतो, काम करतो आणि जातो. बोलणं मोजकं. डावखुरा. खोललेले स्क्रू डबीच्या झाकणात गोल मांडतो, बारापासून सुरू करून, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. हे ऐकताना मी मान डोलावत होतो, कारण नानाही तसेच मांडायचे, तूही आणि मीही. मला वाटलं, चला, चांगली सवय इतरांनाही असते. धाकल्या, माणूस किती आंधळा होऊ शकतो बघ! डावखुरा, झाकण, तीन क्लॅम्प, सगळं समोर होतं आणि मला कौतुक सुचत होतं. मी म्हटलं, आतली पट्टी बघू का, खुणांची?

त्याने चौकटीच्या बाजूचं झाकण उघडलं. ती पट्टी तुझ्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत असणार? ज्याने काम केलं त्याने आत आपली खूण आणि तारीख ओरखडायची, आणि झाकण लावायचं. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला दिसते. वर जुन्या लोकांच्या खुणा होत्या. एक चांदणी, एक त्रिकोण, कुणाची तरी आद्याक्षरं. त्यांच्याखाली शिडी. त्याखाली शिडी. त्याखालीही शिडीच. दोन उभ्या रेघा, तीन आडव्या. रांगेने, वर्षातून दोन, तेवीस वर्षांच्या. मी चष्मा पुसला. तरी त्या शिड्याच. शिडी कुणीही काढेल रे, पण सगळ्यात खालची पायरी डावीकडे बाहेर आलेली कोण काढेल? चौदा वर्षांचा असताना माझ्या हातून सुई घसरली होती, नानांनी त्यावर टपली मारली होती, आणि मी हट्टाने तीच खूण जन्मभर चालवली. माझी खूण! ज्या गावाचं नाव मी आज सकाळी पहिल्यांदा ऐकलं, तिथल्या घड्याळाच्या पोटात सेहेचाळीस वेळा मी.

 वेड लागलं की काय असं वाटलं. मी इथे येऊन गेलो आणि विसरलो? मग भिंग काढून रेघा नीट बघितल्या. मी ओरखडतो तेव्हा रेघ डावीकडे खोल आणि उजवीकडे उथळ जाते. या सगळ्या उलट्या होत्या. डाव्या हाताच्या. आणि तारखेतल्या साताच्या पोटात बारीक रेघ होती, आपल्या घरात फक्त एकच माणूस काढायचा ती. त्यावरून नाना तुला किती बोलायचे, “सात आहे तो, त्याला जानवं कशाला घालतोस?” मग मला काही दिसेना. खाली बसलो ते फळीवरच. गाईड पोर रडवेली झाली. तिला वाटलं, हा म्हातारा माझ्याच सहलीत जातोय आता. रखवालदाराने पाणी आणलं. मी त्याला म्हटलं, त्या कारागिराचं नाव काय? त्याने खाली धावत जाऊन रजिस्टर आणलं आणि माझ्यापुढे धरलं. माझं नाव होतं. नानांच्या नावासकट, आडनावासकट, माझं पूर्ण नाव, आणि पुढे पाच महिन्यांपूर्वीची तारीख.

खरं सांगतो, कारण आज खरंच सांगायला बसलोय. तू जिवंत आहेस हे कळल्यावर पहिल्या क्षणी मला आनंद झाला नाही. राग आला. सणकून. म्हटलं, आम्ही तीन दिवस नदीत गळ टाकून तुला शोधत होतो, आईने महिनाभर अन्नाला तोंड लावलं नाही, आणि हा पठ्ठ्या माझं नाव चोरून मजेत घड्याळं दुरुस्त करतोय! एक मिनिटभर हा राग टिकला. मग ध्यानात आलं की कुणी कुणाची खूण आधी वापरली. आणि मग, धाकल्या, मी त्या फळीवर हमसून हमसून रडलो. मास्तर माझी पाठ चोळत होते आणि उंचीचा त्रास होतो काहींना, असं सगळ्यांना समजावत होते.

पुढचं तुला सगळं ठाऊक आहे. तरी ते माझ्या हाताने एकदा कागदावर यायला हवं, म्हणून लिहितो. नगरपालिकेच्या मोठ्या घड्याळांच्या कारागिरांत नाव लागायला पाच टॉवर स्वतः केलेले लागायचे. तुझे चार झाले होते. पाचवा आपल्याच गावातला. आणि त्या दिवशी तू तापाने फणफणून पडलास. नाना बाहेरगावी होते. मी म्हटलं, धाकल्याचं काम आहे, धाकल्याच्या नावावर करून टाकू, त्याला कशाला सांगायचं, बरा झाला की चकित होईल. सकाळी वर गेलो, दोर बदलायला घेतला. आणि मनात इतकी हौस दाटली होती की हात लावायच्या आधीच पट्टीवर तुझी खूण काढून टाकली. एका रेघेत काढायचास तो मासा. दहा वेळा सराव करून आलो होतो. नानांचा एकच नियम होता, आणि तो ते आपल्याला मारून-मुटकून शिकवत आले होते: आधी काम, मग खूण. खूण शेवटी. कारण खूण दिसली की कारागिराचं डोकं म्हणतं, झालं, काही उरलं नाही.

दोराला एक क्लॅम्प आवळून झाला होता, दुसरा नुसता बोटाने फिरवून ठेवला होता, तेवढ्यात खालून टोलेकाकांची हाक आली की मुलगी झाली, पळ! आपले टोलेकाका, घड्याळाला चावी देणारे, टॉवरच्या तळाशी राहणारे; त्यांना मी सांगितलं होतं की दोराचं काम धाकल्याचं, मी नुसतं तेल घालायला आलोय. मी पाना तिथेच टाकून पळालो. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं आणायला वर गेलो, चौकट उघडली, मासा बघितला, तारीख बघितली, आणि झाकण लावून खाली आलो. एवढंच. दुसऱ्या क्लॅम्पला मी हातसुद्धा लावून बघितला नाही. अकरा दिवसांनी दोर सुटला, अडीचशे किलोचं वजन तळापर्यंत आलं, आणि टोलेकाकांचा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशीच्या त्या खोलीत तू होतास, मी होतो, आणि टेबलावर ती पट्टी होती. त्यांनी विचारलं, ही खूण तुमची? तू म्हणालास, हो. काम तुम्ही केलं? तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी सव्वीस वर्षं रोज बघतोय. मी जमिनीकडे बघितलं. तू म्हणालास, “खूण माझी आहे, म्हणजे काम माझंच.” आणि मी मूग गिळून गप्प बसलो. घरी तान्ही पोर होती, दुकानावर एकच पाटी होती, नानांचं काळीज आधीच दुबळं होतं, अशी शंभर कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी त्यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो. लहानपणी तू दुपारी बाराला हातोडीची तार ओढून तेरावा टोला दिला होतास आणि सगळा बाजार गोंधळला होता, तेव्हा ‘मी केलं’ असं सांगून नानांचा मार मी खाल्ला होता. पुढे कितीदा मी मनाला सांगितलं की धाकल्याने त्याची परतफेड केली, फिट्टंफाट झाली. चार फटके आणि अख्खं आयुष्य यांची कसली रे फिट्टंफाट?

तुझं नाव लागलं नाही. कुणी तुला काम देईना. लोक तुला बघून रस्ता बदलायचे, आणि मी त्याच रस्त्याने मान खाली घालून दुकानात जायचो. तीन महिन्यांनी काठावर सायकल सापडली. गाव म्हणालं, पोराला सहन झालं नाही. एकटी आई म्हणाली, “मासा आहे तो. मासा कधी बुडतो का?” सगळ्यांना वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला माहीत होतं तू पुरात नदी पोहून पलीकडच्या पेरूच्या बागेत जायचास. तू बुडणाऱ्यातला नव्हेस हे मला आईइतकंच माहीत होतं. पण तू बुडालास असं मानणं मला सोयीचं होतं. मेलेला माणूस परत येऊन काही विचारत नाही. हे वाक्य मी आजवर स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

टोलेकाका आठ वर्षांपूर्वी गेले. मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो, त्यांच्या घरातल्या घड्याळाला चावी द्यायचो. ते सगळ्यांना सांगायचे, भाऊ असावा तर असा, धाकट्याचं पाप थोरला फेडतोय. शेवटच्या आजारपणात एकदा ठरवून गेलो होतो की आज सांगायचंच. त्यांनी विचारलं, घड्याळ बरोबर चालतंय ना? मी म्हटलं, हो. आणि उठून घरी आलो.

आज तुझी वहिनी त्या गुडघ्यांनिशी एकशे बारापैकी सत्तर पायऱ्या चढून आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुमचे मिस्टर वर पडलेत. जिन्यातच गाठ पडली. मी तिथेच पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं, आधी तुझं, मग माझं.  इतर मंडळी आमच्या बाजूने अंग चोरून खाली उतरत होती. मग ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही धावत आलात आणि हात न धुता चिमीला उचललंत. दुपट्यावर टॉवरच्या दोराच्या वंगणाचे काळे डाग पडले, दुकानातलं तेल असं काळं नसतं. भाऊजी तर तापाने पडले होते. मग ते वंगण तुमच्या हाताला कसं, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.” ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःवरच चिडली होती. मग पदराने तोंड पुसलं, भिंत धरून उठली आणि खाली निघून गेली. मला वाटलं, संपलं. ही आता माझं तोंडही बघणार नाही.

तासाभराने ती आली. मागे बोटीवरचा माणूस होता आणि त्याच्या दोन्ही हातांत आमच्या बॅगा होत्या. बोटीचा कप्तान तिला समजावून दमला म्हणे, बाई, अजून बारा दिवसांची सहल आहे, पुढची गावं याहून सुंदर आहेत. ती त्याला म्हणाली, “आमचं बघायचं होतं ते इथेच सापडलं.” मग माझ्यासमोर बॅगा ठेवून म्हणाली, “मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. ते भाऊजी ठरवतील. मी त्यांचं तोंड बघायला थांबतेय.” आत्ता ती चौकापलीकडच्या गल्लीत महिन्याच्या बोलीने खोली बघायला गेली आहे. रखवालदार म्हणतो तू साधारण एकोणीस दिवसांनी येशील. आम्ही आहोत.

मग समोरासमोर भेटणारच आहोत तर हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. त्याचं कारण हे, की भेट होईलच असं मी धरून चाललेलो नाही. तू मला बघितलंस आणि पाठ फिरवलीस तर तो तुझा हक्क आहे, आणि मग मला जे सांगायचं ते राहूनच जाईल. आजवर मी नेमक्या बोलायच्या वेळीच गप्प बसत आलोय. म्हणून हे कागद रखवालदाराच्या हाती देणार नाही, मी स्वतः परत वर चढून खुणांच्या पट्टीमागे ठेवणार आहे, जिथे तुझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. खाली माझी पूर्ण सही आहे, तारीख आहे, आणि त्या टॉवरचं काम मी केलं, खूण मी काढली, क्लॅम्प मी सोडला, हे स्वच्छ लिहिलंय. असाच दुसरा कागद मी आज आपल्या नगरपालिकेला पोस्टाने पाठवतोय. हा तुझा आहे, कुणालाही दाखव. आईला अजून काही कळवलेलं नाही. कळवायचं की नाही, हेही तूच ठरव. एकच मागणं आहे, तेही जमलं तर. या वेळी पट्टीवर शिडी काढू नकोस. तेवीस वर्षं माझ्या नावाने जे निर्दोष काम झालं, ते माझं नाही. मासा काढ. आणि या टॉवरला जिना एकच आहे, म्हणून मी खाली दाराशी बसून तुझी वाट अडवणार नाही. चौकापलीकडे टोप्यांच्या दुकानापुढे एक बाक आहे, तिथे बसेन. तुला मला भेटायचं नसेल तर काम आटप, जिना उतर आणि उजवीकडे धक्क्याकडे निघून जा, मी हाक मारणार नाही. भेटायचं असेल तर दुपारी बाराला घड्याळाचे टोले पडून झाले की हातोडीची तार एकदा ओढ. मी मोजत बसलेला असेन.

तुझाच,
दादा